प्रोमिथियस (२०१२) : कोणते आक्षेप पटकथेचे आणि कोणते कात्रीचे?

रीळवाला (धागाकर्ता)

रहस्यभेद भरपूर आहे. चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहून या.

कोथरूडच्या आपल्या विज्ञानपट गटात पुढची चर्चा रिडली स्कॉटच्या 'प्रोमिथियस'वर आहे, त्याच्या तयारीसाठी हा धागा. एक विनंती आधीच करतो. 'शास्त्रज्ञ मूर्ख दाखवलेत' एवढ्यावर थांबू नका. २०१२ पासून हे वाक्य जिथे तिथे येतं आणि ते अर्धंच खरं आहे.

माझं म्हणणं असं की या चित्रपटावरचे आक्षेप वेगवेगळ्या ठिकाणांहून आले आणि समीक्षेत सगळे एकाच पोत्यात भरले गेले. काही दोष पटकथेत मुळातच होते. काही संकलनात दृश्यं गेल्यामुळे तयार झाले. विज्ञानाच्या चुका वेगळ्या. आणि एक मोठा गठ्ठा नुसत्या अपेक्षाभंगाचा आहे, त्याचं खापर चित्रपटापेक्षा जाहिरातीवर फोडायला हवं.

अपेक्षाभंगाचं आधी मांडतो. १९७९चा 'एलियन' घडतो २१२२ मध्ये आणि 'प्रोमिथियस' २०९३ मध्ये. जॉन स्पाइट्सने लिहिलेल्या पटकथेच्या खर्ड्याचं नाव 'एलियन: इंजिनियर्स' होतं, म्हणजे सरळसरळ पूर्वकथा. पुढे डेमन लिंडेलॉफने त्यातले 'एलियन'शी थेट जोडणारे बरेच दुवे काढले आणि निर्माता व निर्मिती हा विषय पुढे आणला. ही नेहमीसारखी पूर्वकथा नाही, असं स्कॉटही मुलाखतींतून सांगत होता. ट्रेलर मात्र उलट सांगत होता. त्यात १९७९च्या ट्रेलरमधला तोच किंचाळणारा भोंगा होता, शीर्षकाची अक्षरंही तशीच तुकड्यातुकड्यांनी उमटत होती. लोक तो प्राणी बघायला गेले आणि त्यांना अगदी शेवटच्या दृश्यात त्याचा एक नातलग दिसला.

त्यातून एक गैरसमज पसरला की शेवटी कोसळणारं यान म्हणजेच 'एलियन'मध्ये सापडणारं यान. ते तसं नाही. हा चंद्र एलव्ही-२२३, तो एलव्ही-४२६. शिवाय 'एलियन'मधल्या यानात मेलेला चालक खुर्चीत सापडतो, इथला इंजिनियर (माणसाला घडवणाऱ्या परक्या जीवांपैकी एक) खुर्चीत मरत नाही. तो उठून शास्त्रज्ञ शॉच्या मागे लाइफबोटीत जातो आणि तिथे मरतो. 'दुवे जुळत नाहीत' अशी तक्रार करणाऱ्यांनी जे दुवे जोडले, ते चित्रपटाने जोडलेलेच नव्हते.

बाकीचं तुम्ही लिहा. ज्याला ज्या विषयातलं कळतं त्याने तेवढंच, पण नेमकं.

आकडेमोड

रीळवाला, चर्चेत आकडे घेणार असाल तर तीन एकत्र घ्या. एकटा कुठलाही फसवतो.

रॉटन टोमॅटोजवर हा चित्रपट ७३ टक्क्यांच्या आसपास आहे, मेटाक्रिटिकवर ६४च्या आसपास, आणि सिनेमास्कोअरची श्रेणी बी.

७३ टक्के म्हणजे शंभरपैकी ७३ गुण नव्हेत. शंभर समीक्षक धरले तर त्यातले ७३ 'बघावा' या बाजूला पडले, एवढाच त्याचा अर्थ. दहापैकी सहा देणारा आणि दहापैकी दहा देणारा तिथे सारखेच मोजले जातात. रॉजर एबर्टने या चित्रपटाला चारपैकी चार तारे दिले होते. 'दिसायला सुंदर, पण पटकथा ढिली' म्हणून काठावर पास करणारे पुष्कळ होते. दोघांचं मत टक्केवारीत एकच होऊन बसतं.

मेटाक्रिटिक प्रत्येक परीक्षणाचं शंभरपैकी गुणांत रूपांतर करतं आणि सरासरी काढताना काही प्रकाशनांना जास्त वजन देतं. तिथे ६४ म्हणजे 'एकंदरीत अनुकूल' या पट्ट्याच्या तळाशी, कारण तो पट्टा ६१ला सुरू होतो. 'कौतुक आहे, पण हातचं राखून' हे चित्र या आकड्यात जास्त खरं उतरतं.

सिनेमास्कोअर समीक्षकांना विचारतच नाही. पहिल्या रात्री चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात कार्ड देतात आणि ए-प्लसपासून एफपर्यंत श्रेणी घेतात. पहिल्या रात्री येणारा माणूस मुळात उत्साहाने आलेला असतो, म्हणून मोठ्या चित्रपटाला बी मिळणं हा थंड प्रतिसाद समजतात. फक्त भयपटांच्या श्रेणी नेहमीच खाली असतात हे लक्षात ठेवा. पोटावरच्या शस्त्रक्रियेचं ते दृश्य पाहून बाहेर पडलेला माणूस ए देणं अवघडच.

अमेरिकेत पहिल्या आठवड्याच्या शेवटी सुमारे ५.१ कोटी डॉलर आले आणि दुसऱ्यात जवळपास ६० टक्क्यांनी घसरण झाली. जगभरची कमाई सुमारे ४० कोटी डॉलर, खर्च १२ ते १३ कोटी. म्हणजे चित्रपट पडला नाही. पण एकदा पाहिलेला माणूस दुसऱ्याला घेऊन परत गेला नाही.

चर्चेसाठी एक पद्धत सुचवतो. जून २०१२च्या पहिल्या पंधरवड्यातली आठ-दहा परीक्षणं छापून घ्या. दोन रंगांची पेनं घ्या. 'एलियन'शी तुलना करणारी वाक्यं एका रंगात, या चित्रपटाविषयीची दुसऱ्या. पहिल्या रंगातली वाक्यं बाजूला काढली की नेमकी तक्रार किती उरते ते डोळ्यांना दिसतं.

शनिवारपेठी

सगळं ठीक, पण भूशास्त्रज्ञ फिफील्डचं काय? नकाशा काढणारा माणूसच वाट चुकतो. याला अपेक्षाभंग म्हणणार का?

कात्री_आणि_जोड

शनिवारपेठी, नाही म्हणणार. फिफील्डचं समर्थन होऊच शकत नाही. भिंती मोजत जाणारे ते उडते गोळे तोच सोडतो. त्यांनी काढलेला नकाशा यानावर कप्तान जानेकसमोर उभा आहे. रेडिओ चालू आहे, रात्री जानेक त्यांच्याशी बोलतोही. 'वादळामुळे नकाशा आमच्याकडे उमटत नाहीये' असं एक वाक्य टाकलं असतं तरी भागलं असतं. हा दोष पटकथेचाच.

त्याच्या सोबतच्या मिलबर्नचं प्रकरण मात्र वेगळं आहे. चित्रपटगृहातल्या प्रतीत हा जीवशास्त्रज्ञ इंजिनियरचं प्रेत बघून घाबरतो, परत फिरतो, आणि काही तासांनी नागासारखा फणा काढलेल्या प्राण्याला गोंजारायला हात पुढे करतो. लोक हसले ते इथेच. ब्लू-रेवर 'अवर फर्स्ट एलियन' नावाचं वगळलेलं दृश्य आहे. त्यात मिलबर्नला अळीसारखा एक जीव आधीच सापडतो आणि तो हरखून जातो. पृथ्वीबाहेरचा पहिला जिवंत जीव त्याच्या हातात असतो! हे दृश्य मधे ठेवून पाहा. फण्यापुढे हात करणं तरीही चूकच राहतं, पण आता ती लोभाने आंधळ्या झालेल्या अभ्यासकाची चूक वाटते. स्वभाव उलटा फिरल्यासारखं वाटत नाही.

ब्लू-रेवर अशी वगळलेली आणि पर्यायी मिळून चौदा दृश्यं आहेत. सगळी दाखवू नका. मिलबर्नचं दाखवाच. दुसरं 'द इंजिनियर स्पीक्स'. चित्रपटात जागा झालेला इंजिनियर यंत्रमानव डेव्हिडचं बोलणं ऐकतो, त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि ते डोकं उपटतो. एक शब्दही न बोलता. पर्यायी दृश्यात तो उलट बोलतो, आणि मोहिमेचा मालक, म्हातारा वेलँड काय मागतोय ते ऐकून मग हल्ला करतो. 'इंजिनियर एवढा का चिडला?' हा समीक्षेतला सर्वांत मोठा प्रश्न होता आणि त्याचं निदान अर्धं उत्तर या दृश्यात आहे. तिसरं जानेक आणि मोहिमेवरची कंपनीची अधिकारी विकर्स यांच्या संभाषणाचं. चित्रपटात जानेक अचानक शॉला सांगतो की हा शस्त्रांचा तळ आहे, आणि कप्तानाला हे कुठून कळलं असं वाटत राहतं. त्या तर्काला थोडी जमीन या दृश्यातून मिळते.

वेलँडच्या मेकअपवरही बरीच टीका झाली. गाय पिअर्स तेव्हा पंचेचाळिशीच्या आतबाहेर होता. तरुण नटाला रबर चिकटवून म्हातारा का केला? तर तरुण वेलँडची दृश्यं योजलेली होती, डेव्हिड त्याच्या स्वप्नात जाऊन बोलतो अशी. ती गेली. तरुण वेलँड उरला तो फक्त प्रसिद्धीसाठी केलेल्या २०२३ सालच्या टेड भाषणाच्या चित्रफितीत. ज्याने ती पाहिली नाही त्याच्या वाट्याला नुसतं रबर आलं.

कात्रीने नुकसानच केलं असं मात्र मानू नका. सुरुवातीच्या प्रसंगात आधी वयस्क इंजिनियरही होते, विधी करणारे. ते काढले हे उत्तम झालं. धबधब्याच्या काठावर एकटा उभा असलेला तो पांढरा देह, हातातली वाटी, मग विरघळणारं शरीर आणि पाण्यात तुटत जाणारी डीएनएची साखळी. आइसलँडच्या डेटिफॉसवरचा हा प्रसंग एकट्यामुळेच इतका वजनदार झालाय.

खगोलमित्र_औंध

अंतरांबद्दल लिहितो.

विकर्स म्हणते की आपण पृथ्वीपासून अर्धा अब्ज मैलांवर आहोत. म्हणजे ८० कोटी किलोमीटर. पृथ्वीपासून गुरूच सुमारे ५९ ते ९७ कोटी किलोमीटरवर असतो, म्हणजे बाईंच्या हिशोबाने यान गुरूच्या आसपास आहे. आणि पडद्यावर यानाची ओळख करून देणारी पाटी ३.२७ गुणिले १०चा चौदावा घात किलोमीटर दाखवते, म्हणजे ३२७ लाख कोटी. एक प्रकाशवर्ष ९.४६ लाख कोटी किलोमीटरचं, तेव्हा हे साधारण साडेचौतीस प्रकाशवर्षं झालं. पाटी बरोबर आहे, संवाद चार लाख पटींनी चुकलाय. हे अंतर सुमारे दोन वर्षांत कापायचं तर प्रकाशाच्या सतरा पट वेग लागतो. ते विज्ञानपटातलं मान्य गृहीतक, त्यावर आक्षेप नाही.

शास्त्रज्ञ जुन्या गुहाचित्रांतल्या ठिपक्यांवरून इंजिनियरांचा तारा ओळखतात, त्यावर मात्र आहे. पाच-सहा गोळे कसेही मांडले तरी तशी आकृती आकाशात कुठे ना कुठे सापडतेच. आकृतीसोबत प्रमाण, दिशा किंवा तेजस्विता दिली नसेल तर ओळख पटत नाही. शिवाय तारे सरकतात. जवळचा एखादा तारा वर्षाला एक विकला (अंशाचा ३,६००वा भाग) सरकत असेल तर ३५,००० वर्षांत तो जवळपास दहा अंश सरकतो, म्हणजे वीस पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढा. सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत नव्या चित्रात आकृती तीच कशी राहील?

हवेबद्दलही एक. बाहेर कार्बन डायऑक्साइड तीन टक्क्यांहून जास्त आहे म्हणून दोन मिनिटांत मराल, असा संवाद आहे. कामाच्या ठिकाणी तीन टक्के हवेत पंधरा मिनिटांची मर्यादा अमेरिकेतल्या सुरक्षा मानकांत दिलेली आहे. धाप लागेल, डोकं दुखेल. दहा टक्क्यांच्या आसपास गेलात तर बेशुद्धी. संवादात तीनऐवजी पंधरा म्हटलं असतं तर विषय मिटला असता.

एमसीबी

शास्त्रज्ञ इंजिनियरच्या प्रेताच्या कापलेल्या डोक्यात ३० अँपिअरपासून प्रवाह सोडतात, तेही याच यादीत घ्या. घरातल्या गिझरच्या लाइनला १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी असतो. मेंदूला उत्तेजन देण्याच्या वैद्यकीय उपकरणांत मिलिअँपिअर वापरतात, हजार पटींनी लहान एकक. डोकं फुटलं यात नवल नाही, पण त्यांना नवल वाटतं, हा दोष.

मातीचे_थर

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र दोन्ही शिकवतात, तेव्हा हा मुद्दा पुण्याच्या चर्चेत यायलाच हवा. परीक्षणांत तो फारसा आला नाही.

प्रवासात डेव्हिड एका प्रतिमेसमोर बसून प्राचीन भाषा शिकतो. ती प्रतिमा म्हणते ती श्लायखरची मेंढी-घोड्याची गोष्ट आहे. ऑगस्ट श्लायखरने १८६८ मध्ये आदिम इंडो-युरोपीय भाषेची पुनर्रचना दाखवण्यासाठी रचलेली. संस्कृत, ग्रीक, लॅटिन ज्या कुळातल्या, त्या कुळाची ही कल्पिलेली मूळ भाषा. पुढे डेव्हिड इंजिनियरशी याच धर्तीच्या भाषेत बोलतो. तपशील म्हणून हे फार देखणं आहे आणि मेहनतीने केलेलं आहे.

आता शॉचा सहकारी पुरातत्त्वज्ञ होलोवे कोणत्या संस्कृतींची चित्रं दाखवतो ते मोजा. इजिप्त, माया, सुमेर, बॅबिलोन, हवाई, मेसोपोटेमिया. यातल्या एकाही संस्कृतीची भाषा इंडो-युरोपीय नाही. इजिप्तची आफ्रो-आशियाई, बॅबिलोनची अक्कडी म्हणजे सेमिटिक, सुमेरी कुठल्याच ज्ञात कुळात बसत नाही, माया अमेरिकेतलं स्वतंत्र कुळ, हवाईची ऑस्ट्रोनेशियन. इंजिनियरांनी ज्यांना नकाशा दिला त्यांतलं कोणीच ही भाषा बोलत नव्हतं, आणि इंजिनियरशी संवाद साधायला निवडली तीच! शिवाय ही भाषा बहुतेक अभ्यासक सहा-सात हजार वर्षांपूर्वीची मानतात आणि स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या गुहेतलं चित्र ३५,००० वर्षांपूर्वीचं सांगितलंय. तेवढ्या जुन्या माणसाचा पुरावा स्कॉटलंडमध्ये नाहीच.

इंजिनियरचं प्रेत दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे हे कार्बनवरून तिथल्या तिथे सांगून टाकतात, तेही टिकत नाही. कार्बन-१४च्या मोजणीला त्या हवेतलं कार्बन-१४चं मूळ प्रमाण माहीत असावं लागतं. पृथ्वीवर त्यासाठी झाडांच्या वर्तुळांवरून दुरुस्तीचे तक्ते केलेले आहेत. परक्या चंद्रावर असा तक्ता कुठून आणणार?

हे दोष सल्लागाराला विचारून दुरुस्त होण्यासारखे होते आणि त्याने कथा जराही बदलली नसती. म्हणून ते मला फिफील्डपेक्षा जास्त लागतात.

गिगरप्रेमी

धागा आक्षेपांकडे झुकतोय, म्हणून दुसरी बाजू. नावडलेल्यांनीही ज्याचं कौतुक केलं ते नीट बघा. मायकेल फासबेंडरचा डेव्हिड आणि डॅरिउस वोल्स्कीचं छायाचित्रण. थ्रीडी नंतर चढवलेलं नाही, रेड एपिक कॅमेऱ्यांच्या जोड्यांवर मुळातच तसं चित्रित केलंय. पाइनवुड स्टुडिओत प्रत्यक्ष सेट उभारले, नट हिरव्या पडद्यासमोर एकटे उभे नाहीत. दृश्य-परिणामांसाठी ऑस्करचं नामांकनही होतं.

आणि पटणारा एक आक्षेप. १९७९च्या 'एलियन'मधला यानाचा मेलेला चालक, म्हणजे 'स्पेस जॉकी', खुर्चीतून उगवल्यासारखा, हाडं आणि यंत्र एकजीव झालेला दिसतो. तो प्रचंड वाटावा म्हणून स्कॉटने लांबच्या चित्रणात अंतराळपोशाख घालून मुलं उभी केली होती, त्यात त्याची स्वतःची दोन मुलं होती. म्हणजे सेट होता त्याहून मोठा भासवलेला. 'प्रोमिथियस'ने सांगितलं की तो नुसता पोशाख आहे आणि आत माणसासारखाच, थोडा उंच जीव. 'एलियन'चे जीव रेखाटणारा चित्रकार गिगर, त्याच्या आकृतीतलं परकेपण तिथे गेलं. पूर्वकथा ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न मूळ चित्रपटाला उघडा ठेवायचा होता, ही तक्रार मला सगळ्यांत खरी वाटते.

आकडेमोड

गिगरप्रेमी, याच्याशी पूर्ण सहमत. आणि पुढे काय झालं तेही बघा. प्राणी हवा होता ही ओरड ऐकून २०१७च्या 'एलियन: कव्हनंट' या पुढच्या भागात तो परत आणला. शॉची कथा बाजूला पडली, ती मेलेलीच दाखवली. जगभरची कमाई सुमारे २४ कोटी डॉलर, 'प्रोमिथियस'पेक्षा बरीच कमी.

तुलनेला आणखी दोन पूर्वकथा घ्या, जास्त नको. १९९९चा 'द फँटम मेनेस' समीक्षकांत निम्म्या-निम्म्याने विभागला, पण पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांनी ए-मायनस दिला आणि तो त्या वर्षीचा जगभर सर्वाधिक कमावणारा चित्रपट ठरला. २०२४च्या 'फ्युरिओसा'ला समीक्षकांत ९० टक्के, प्रेक्षकांची श्रेणी बी-प्लस, आणि कमाई खर्चाच्या जेमतेम आसपास. तीन चित्रपट, तीन वेगळे साचे.

पडदा_आणि_दिवा

दाखवण्याबद्दल. थ्रीडीचा मोह टाळा. सक्रिय चष्म्यातून प्रकाशाचा पाचवा हिस्सा कसाबसा डोळ्यापर्यंत येतो आणि या चित्रपटातले निम्मे प्रसंग अंधाऱ्या बोगद्यात आहेत.

पडदा दहा फूट रुंद धरा. २.३९:१ चौकटीत उंची सव्वाचार फुटांच्या जरा आत, क्षेत्रफळ ४२ चौरस फूट. चित्रपटगृहाचं मानक १४ फूट-लँबर्ट (पडद्याच्या उजळपणाचं एकक), म्हणजे चित्रावर सुमारे ५९० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं एकक) हवेत. आपला प्रोजेक्टर १६:९ आहे, वरखालच्या काळ्या पट्ट्यांत चौथा हिस्सा जातो, तेव्हा हवेत ७९०. दिवा जुना होत जातो आणि सिनेमा मोडमध्ये उजेड कमी पडतो, म्हणून खोक्यावर २,००० लिहिलेला घ्या. पांढऱ्या भिंतींना गडद चादरी लावा. परत येणारा उजेड बोगद्यातला काळा रंग राखाडी करतो.

आवाज दोनच स्पीकरवर असेल तर प्लेअरच्या मेन्यूत तसं निवडा, नाहीतर मधल्या चॅनेलवरचे संवाद गायब होतात. इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा.

आणि महत्त्वाचं, दुकानातली डिस्क घरी बघण्यापुरती असते. गटाला दाखवायचं तर हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. त्याला वेळ लागतो, आजच अर्ज करा.

रीळवाला (धागाकर्ता)

अर्ज उद्या जातोय.

क्रम असा ठरवतो. चार वाजता चित्रपट, मध्यंतर न घेता, १२४ मिनिटं. मग चहा. त्यानंतर कात्री_आणि_जोड यांनी सांगितलेली तीन दृश्यं, प्रत्येकाआधी चित्रपटातला तोच भाग पुन्हा लावून, म्हणजे जोड कुठे तुटला ते दिसेल. परीक्षणांच्या छापील प्रती चहाच्या वेळी वाटू, दोन रंगांची पेनं घेऊन या.

मातीचे_थर, भाषांच्या कुळांचा तक्ता एका पानात करून द्याल का? खगोलमित्र, ३५,००० वर्षांपूर्वीचं आणि आजचं आकाश स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर शेजारी शेजारी दाखवता आलं तर पाच मिनिटं तुमची. सॉफ्टवेअरची तारीख तेवढी मागे जाते का आणि ताऱ्यांची गती धरते का, ते मात्र आधी तपासून घ्या.

परवानगी आली की तारीख इथेच टाकतो.